रंगरूट मित्राच्या नावाने एक पाकीट

लष्करी प्रशिक्षणाला गेलेल्या मित्राला पत्र किंवा छोटीशी भेट पाठवणे ही वरवर पाहता अगदी साधी गोष्ट. पण पत्ता कसा लिहावा, पाकिटात काय घालावे, काय मुळीच घालू नये आणि मुख्य म्हणजे खरे किती लिहावे, याचा थोडा विचार केला तर तेच पाकीट त्याला मोठा आधार देऊन जाते.

सातारा जिल्ह्यातल्या एका गावातले दोन मित्र. दोन वर्षे रोज पहाटे साडेचारला उठून ते गावाबाहेरच्या रस्त्यावर धावले. एकाने मोबाइलवर वेळ लावायची आणि दुसऱ्याने पळायचे, मग उलट. १६०० मीटरची धाव, पुल-अप्स, नऊ फुटी खड्ड्यावरून उडी, सगळा सराव दोघांनी बरोबरच केला. भरतीच्या मैदानावरही दोघे एकाच दिवशी उतरले. एकाची निवड झाली. दुसरा धावेत काही सेकंदांनी मागे पडला.

निवड झालेला मित्र काळी लोखंडी पेटी घेऊन रेजिमेंटल सेंटरला रवाना झाला. एसटी सुटताना मागे राहिलेल्याने खिडकीशी जाऊन सांगितले, “पोचलास की फोन कर.” पण फोन दहा दिवसांनी आला. तोही दोन मिनिटे, आणि आईला. मित्राच्या वाट्याला काही आले नाही. त्यानंतर चार दिवसांनी पोस्टमनने एक अंतर्देशीय पत्र आणून दिले. जेमतेम अर्धे पान मजकूर. उठतो किती वाजता, जेवण कसे आहे, केस किती बारीक कापले, एवढेच. आणि शेवटी एक ओळ : “घरी सगळं बरं आहे असं सगळेच सांगतात. तू खरं काय ते कळव.”

मुलगा सैन्यात गेलेल्या घरांना हा अनुभव नवा नाही. आईवडील त्याला काळजी नको म्हणून ‘सगळे ठीक’ एवढेच कळवतात. मुलगाही घरच्यांना काळजी नको म्हणून तेच उत्तर देतो. या दोन ‘ठीक’च्या मध्ये जे राहून जाते ते विचारायला आणि सांगायला मित्रच लागतो. म्हणून मित्राच्या पत्राचे मोल वेगळे आहे.

पहिले काही आठवडे

सैन्यात भरती झालेला तरुण प्रथम रेजिमेंटल सेंटरला किंवा ट्रेनिंग सेंटरला जातो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावला आहे, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे इंजिनिअर्सचे पुण्याजवळ खडकीला आणि ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे नागपूरजवळ कामठीला. नौदलाचे नवे खलाशी ओडिशातील आयएनएस चिल्का येथे तयार होतात. अधिकारी होऊ इच्छिणारे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत तीन वर्षे काढतात, तर चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीतील प्रशिक्षण ४९ आठवड्यांचे असते. २०२२ मध्ये अग्निपथ योजना सुरू झाल्यापासून भूदलातील अग्निवीरांचे प्रशिक्षण सुमारे ३१ आठवड्यांचे झाले आहे.

केंद्र कोणतेही असो, पहिल्या काही आठवड्यांचा अनुभव बराचसा सारखा असतो. घरी ज्याला सगळे लाडाच्या नावाने हाक मारत, त्याला आता एक क्रमांक मिळतो. उजाडण्यापूर्वी उठणे, पीटी, कवायत, शस्त्रांची ओळख, वर्ग, दुपारनंतर खेळ, संध्याकाळी गिनती. मधल्या वेळात बूट चमकवायचे, किट मांडायचे, बराक झाडायची. शिकवणाऱ्या उस्तादांचा आवाज कानात घुमत असतो. एकाची चूक झाली तर कधीकधी सगळ्यांना ‘रगडा’ मिळतो. शरीर थकते, पण त्याची सवय होते. रात्री दिवे मालवल्यानंतरची दहा मिनिटे मात्र जड जातात. त्या वेळी घर आठवते, गावचा पार आठवतो, आणि ‘आपण इथे का आलो’ हा प्रश्नही पडतो.

मोबाइलच्या जमान्यात पत्राची गरज काय, असे कोणालाही वाटेल. पण बहुतेक प्रशिक्षण केंद्रांत सुरुवातीला मोबाइल वापरण्यावर बंधने असतात. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळेपुरताच फोन हाती मिळतो. नियम केंद्रागणिक वेगळे असतात, परंतु मिळालेला वेळ आईवडिलांशी बोलण्यातच संपतो हे सगळीकडे सारखे. फोनवर मागे रांग उभी असते. बोलायचे ठरवलेले ऐन वेळी आठवत नाही. पत्राला रांग नसते. ते गणवेशाच्या खिशात राहते, उशीखाली राहते आणि हवे तेव्हा पुन्हा वाचता येते.

पत्ता चुकला की सगळे चुकले

मागे राहिलेल्या मित्राने उत्साहाने पहिले पत्र लिहिले आणि पाकिटावर मित्राचे नाव, रेजिमेंटचे नाव आणि शहर एवढेच लिहून टाकले. ते पत्र पोचायला तीन आठवडे लागले. हजारो तरुण जिथे शिकत असतात आणि ज्यांत एकाच आडनावाचे वीसजण सहज निघतात, तिथे नुसत्या नावाने माणूस सापडणे कठीण.

पत्ता लिहिताना क्रम असा ठेवावा : प्रथम क्रमांक आणि हुद्दा (रिक्रूट, अग्निवीर किंवा कॅडेट), मग पूर्ण नाव, त्याखाली प्लाटून व कंपनी, मग ट्रेनिंग बटालियन, त्यानंतर केंद्राचे नाव, शहर आणि पिनकोड. प्रबोधिनीतील कॅडेटच्या पत्त्यात कंपनीऐवजी स्क्वाड्रनचे नाव येते. मित्राच्या पहिल्या पत्रावर किंवा त्याच्या घरी आलेल्या कागदावर हा पत्ता असतोच. तो जसाच्या तसा उतरवून घ्यावा, आपल्या सोयीने त्यात काटछाट करू नये. पत्ता इंग्रजीत किंवा हिंदीत लिहिणे उत्तम, कारण टपाल वेगळे करणारा जवान मराठी जाणणारा असेलच असे नाही. आणि पाकिटाच्या मागे आपला पत्ता लिहायला विसरू नये. पत्र मिळाले नाही तर ते निदान आपल्याकडे परत तरी येते.

प्रशिक्षण संपून मित्र पलटणीत गेला की पत्त्याचे स्वरूप बदलते. मग गावाचे नाव जाते आणि त्या जागी ‘मार्फत ५६ एपीओ’ किंवा ‘मार्फत ९९ एपीओ’ असे येते. एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. ५६ एपीओचे टपाल दिल्लीच्या आणि ९९ एपीओचे टपाल कोलकात्याच्या लष्करी टपाल केंद्रातून पुढे जाते. पलटण नेमकी कोठे आहे हे पाठवणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज नसते आणि पाकिटावरूनही ते कोणाला कळत नाही. पत्र मात्र बरोबर पोचते, मग पलटण वाळवंटात असो की बर्फात.

हे काम करणारे सैन्य टपाल सेवा दल १ मार्च १९७२ रोजी स्वतंत्र दल म्हणून अस्तित्वात आले. त्यातील बरेचसे कर्मचारी नागरी टपाल खात्यातूनच प्रतिनियुक्तीवर येतात. म्हणजे आपल्या गावच्या पोस्टात शिक्के मारणारा माणूस उद्या गणवेश घालून एखाद्या उंच ठाण्यावर पत्रे वाटताना दिसू शकतो. त्याच वर्षी १५ ऑगस्टला देशात पिनकोड पद्धत सुरू झाली आणि त्यात ९ हा पहिला अंक लष्करी टपालासाठी राखून ठेवण्यात आला. खासगी कुरिअर कंपन्या एपीओच्या पत्त्यावर टपाल पोचवू शकत नाहीत, तिथे सरकारी टपालच लागते.

पोस्टाचे आणखी दोन नियम ठाऊक असावेत. अंतर्देशीय पत्राच्या आत काहीही घालता येत नाही. फोटो, राखीचा धागा किंवा वर्तमानपत्राचे कात्रण पाठवायचे असेल तर पाकीटच वापरावे. आणि नोटा साध्या पाकिटातून पाठवू नयेत. पैसे पाठवायचेच तर बँकेतून पाठवावेत. महत्त्वाच्या पाकिटाची नोंद हवी असेल तर स्पीड पोस्ट करावे. पूर्वीची रजिस्टर्ड पोस्टाची वेगळी सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली आहे. राखीच्या दिवसांत पोस्टात पावसाने न भिजणारी खास पाकिटे मिळतात, त्यांचा उपयोग जरूर करावा.

लिहावे तरी काय?

‘देशासाठी गेलास, तुझा आम्हाला अभिमान आहे’ हे वाक्य एकदा लिहिले की पुरे. प्रत्येक पत्रात तेच आले तर वाचणाऱ्याला अवघडल्यासारखे होते. आपण रडलो होतो, आपल्या पायाला फोड आले आहेत, कवायतीत पाऊल चुकते आहे, हे अशा पत्राच्या उत्तरात त्याला लिहिता येत नाही.

त्याला हव्या असतात गावातल्या साध्या गोष्टी. पाऊस किती झाला, विहिरीला पाणी कितपत आले, क्रिकेटच्या सामन्यात कोण शून्यावर बाद झाला, पारावर नवा बल्ब लागला की अजून अंधारच आहे. सातारच्या त्या मित्राने तीन पत्रांनंतर ही गोष्ट ओळखली. त्याने मित्राच्या घरी जाऊन डोळ्यांनी पाहिले आणि मग लिहिले : “काकींचा गुडघा दुखतोय, पण दळण अजून स्वतःच आणतात. मी म्हटलं मी आणतो, तर म्हणाल्या आधी स्वतःच्या घरचं आण. म्हैस व्याली, रेडकू झालं. तुझ्या वडिलांनी सोसायटीचा हप्ता भरला, मी पावती बघितली.”

एवढ्या चार ओळींनी बराकीतला मुलगा निश्चिंत झाला. ‘सगळे ठीक’ या दोन शब्दांनी त्याला झोप येत नव्हती. गुडघा दुखतो हे कळले तेव्हा झोप आली. गुडघा खरा आहे म्हटल्यावर पावतीही खरी असणार, असा त्याचा हिशेब.

वाईट बातमीचे काय? घरात कोणी गंभीर आजारी असेल किंवा कोणाचे निधन झाले असेल तर ते पत्राने कळवू नये. पत्र पाच-सात दिवसांनी पोचते, आणि ते तो एकटाच वाचतो. अशी बातमी घरच्यांनी फोनवरून थेट कंपनीच्या कार्यालयाला द्यावी. तिथले अधिकारी त्याला बोलावून सांगतात आणि रजेचा विचारही तेच करू शकतात. मित्राने या कामी पुढाकार घेऊन घरच्यांना फोन नंबर शोधून द्यावा. मात्र बातमी लपवण्याच्या कटात सामील होऊ नये. नंतर कळले तर मित्राच्या पुढच्या कोणत्याच पत्रावर त्याचा विश्वास राहणार नाही.

ज्यावर तो तिथे बसून काहीच करू शकत नाही अशी भांडणेही कळवू नयेत. बांधावरून भावकीत झालेली बोलाचाली, कोणी त्याच्या निवडीबद्दल काय म्हटले, त्याच्या मैत्रिणीला कोणी कोठे पाहिले, हे वाचून त्याच्या डोक्याला घोर लागतो आणि दुसऱ्या दिवशी फायरिंग रेंजवर लक्ष लागत नाही.

आणि तो ‘मला परत यायचे आहे’ असे लिहील तेव्हा? पहिल्या दीड-दोन महिन्यांत असे पत्र अनेकांकडून येते. अशा वेळी ‘वेडा आहेस का, लोक नशीब म्हणतील याला’ असे लिहून त्याचे तोंड बंद करू नये. ‘ये निघून’ असेही लगेच लिहू नये. काय जड जाते ते त्याला विचारावे आणि पुढच्या रविवारपर्यंत थांबून पुन्हा लिहायला सांगावे. बहुधा पुढच्या पत्रात नव्या मित्राचे नाव आलेले असते. मात्र निराशा वाढत चालली आहे, पत्रातली भाषा काळजी वाटावी अशी आहे असे दिसले, तर घरच्यांना सांगून केंद्राशी ताबडतोब संपर्क साधायला लावावा. यात मित्राचा विश्वासघात होत नाही.

जे विचारू नये

केंद्रात किती माणसे आहेत, कोणती शस्त्रे शिकवतात, पुढे कोठे पाठवणार आहेत, असे प्रश्न पत्रात विचारू नयेत. विचारणाऱ्याला नुसते कुतूहल असते, पण उत्तर देणाऱ्याची अडचण होते. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढणाऱ्या भारतीय सैनिकांची पत्रे तपासण्यासाठी ब्रिटिशांनी खास कार्यालय उघडले होते. तेव्हा काही सैनिक भारतीय शिपायांना काळी मिरी आणि गोऱ्या शिपायांना लाल मिरची म्हणत घरी खरी परिस्थिती कळवू पाहत. तपासनिसांनी तेही ओळखले. त्या पत्रांची भाषांतरे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. शंभर वर्षांनंतर त्यांत सर्वांत जास्त आढळतात ते शेत, जनावरे, मुले आणि पैसे यांविषयीचेच प्रश्न.

आज धोका पत्रापेक्षा मोबाइलचा अधिक. जुलै २०२० मध्ये भूदलाने आपल्या जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ ॲप फोनमधून काढून टाकण्यास सांगितले होते. मित्राने गणवेशातला फोटो पाठवला तर तो आपल्या भिंतीवर लावावा, समाजमाध्यमांवर टाकू नये. त्याचा पत्ता तर कोणत्याच ग्रुपवर टाकू नये.

पाकिटावरची सजावटही टाळावी. सातारच्या मित्राने दुसऱ्या पत्राच्या पाकिटावर लाल शाईने ‘जनरलसाहेबांना सलाम’ असे लिहून वर एका नटाचे स्टिकर लावले होते. टपाल वाटताना उस्तादांनी ते पाकीट सर्वांना दाखवले आणि ‘जनरलसाहेबां’कडून वीस जोर काढून घेतले. सगळी प्लाटून हसली, तोही हसला. पण पुढच्या पत्रात त्याने हात जोडून लिहिले, “बाबा रे, साधं पाकीट पाठव.”

भेट लहान, वाटण्याजोगी

भेट पाठवण्यापूर्वी एक गोष्ट न चुकता विचारावी : तिथे काय चालते? काही ठिकाणी बाहेरचे खाद्यपदार्थ मुळीच स्वीकारत नाहीत. काही ठिकाणी पार्सल उघडून तपासतात आणि मगच देतात. न विचारता पाठवलेली मिठाई परत आली किंवा वाया गेली तर दोष केंद्राचा नाही.

खाद्यपदार्थ चालत असतील तर कोरडे आणि टिकाऊ असेच निवडावेत. शेंगदाण्याची किंवा लसणाची कोरडी चटणी, भाजके पोहे-चुरमुऱ्याचा चिवडा, शंकरपाळे, राजगिऱ्याची वडी, खारे शेंगदाणे. तेल सुटणारे, नासणारे आणि काचेच्या बरणीतले काही नको. सातारच्या मित्राने पहिल्या पार्सलमध्ये बेसनाच्या लाडवांबरोबर काकींच्या हातचे कैरीचे लोणचे दिले होते. बरणीचे झाकण वाटेत सैल झाले. लाडू गेले, लोणचे गेले आणि सोबतचे चार पानी पत्रही तेलात भिजून गेले. दुसऱ्या वेळी त्याने पाव किलो कोरडी चटणी दोन प्लॅस्टिक पिशव्यांत बांधून डब्यात घातली, डब्याच्या झाकणाला चिकटपट्टी लावली आणि पार्सल जाड कापडात शिवून घेतले. ती पोचली आणि एका जेवणात संपली. बराकीत एकट्याने खाण्याची पद्धत नाही. त्या दिवशी राजस्थानच्या, केरळच्या आणि बिहारच्या मुलांनी साताऱ्याची चटणी चाखली, आणि पुढच्या पत्रात मागणी आली ती सगळ्यांच्या नावाने.

म्हणून भेट महाग असण्यापेक्षा वाटण्याजोगी असावी. एकच भारी घड्याळ पाठवले तर ते सांभाळण्याची चिंता लागते. बहुधा ते वापरूही देत नाहीत. त्यापेक्षा रोज उपयोगी पडणाऱ्या वस्तू बऱ्या. दोन चांगली पेने, खिशात मावणारी वही, तिकीट लावून आपला पत्ता लिहिलेली पाच-सहा पाकिटे, सुई-दोरा आणि गणवेशाच्या रंगाची बटणे, बूट पुसायला मऊ कापडाचे तुकडे, पायांसाठी पावडर, जखमेवर लावायच्या चिकटपट्ट्या, हिवाळ्यात ओठ फुटू नयेत म्हणून मलमाची छोटी डबी. मोज्यांचा रंग ठरलेला असतो, तो विचारून घ्यावा. औषधाच्या गोळ्या, ताकद वाढवण्याच्या पावडरी, सिगारेट, तंबाखू, धारदार वस्तू आणि पेट घेणारे पदार्थ कधीही पाठवू नयेत.

लहान भेटीचे महत्त्व जुन्या सेनापतींनाही कळत होते. १९१४ च्या नाताळात इंग्लंडच्या राजकन्या मेरीच्या नावाने उभारलेल्या निधीतून आघाडीवरच्या सैनिकांसाठी पितळेच्या छोट्या पेट्या तयार करण्यात आल्या. गोऱ्या सैनिकांच्या पेटीत तंबाखू आणि सिगारेटी होत्या. शीख सैनिकांसाठी मात्र त्याऐवजी खडीसाखर आणि मसाल्याची डबी होती. इतर बहुतेक भारतीय सैनिकांना सिगारेटींबरोबर खडीसाखर आणि मसाला मिळाला. परक्या थंड मुलुखात ज्याला घरची चव आठवते त्याला नेमके काय पाठवावे, याचा विचार कोणीतरी केला होता. भेट स्वस्त की महाग यापेक्षा घेणाऱ्याचा हा विचार महत्त्वाचा.

मैत्रीण गणवेशात असेल तर

आता प्रशिक्षणाला जाणाऱ्यांत मुलीही आहेत. चेन्नईच्या अकॅडमीत मुलींची पहिली तुकडी १९९२ मध्ये दाखल झाली. मे २०२१ मध्ये बंगलोरच्या मिलिटरी पोलिस केंद्रातून ८३ महिला जवानांची पहिली तुकडी बाहेर पडली. मार्च २०२३ मध्ये आयएनएस चिल्काहून उत्तीर्ण झालेल्या पहिल्या अग्निवीर तुकडीत मुलीही होत्या. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ मध्ये प्रवेश घेतलेल्या मुलींपैकी १७ जणी ३० मे २०२५ रोजी पहिल्यांदाच तिथून पदवी घेऊन निघाल्या.

मैत्रिणीला पाठवायच्या पाकिटात केसांच्या काळ्या पिना, साधे काळे रबर, अंबाड्याची जाळी या वस्तू सोन्यासारख्या उपयोगी पडतात, कारण डोक्यावरून केसाची बट सुटलेली चालत नाही. मुलाने मुलीला पत्र लिहायचे असेल तर मोकळेपणाने, पाकिटावर आपले पूर्ण नाव घालून लिहावे. चोरून पाठवलेल्या पत्राने चर्चा होते आणि तिला उत्तरे देत बसावे लागते. घरात लग्नाचा विषय निघत असला तर तो तिच्या कानावर घालण्याचे काम मैत्रिणीने स्वतःकडे घेऊ नये. तिचे कवायतीचे दिवस निर्वेध जाऊ द्यावेत.

मागे राहिलेल्याचे पत्र

सातारा जिल्ह्यातच अपशिंगे नावाचे गाव आहे. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण कामी आले. पिढ्यान्‌पिढ्या मुले सैन्यात जात राहिली आणि गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ हा शब्द जोडला गेला. अशा मुलुखात भरती न होणाऱ्या मुलाकडे लोक कसे बघतात हे वेगळे सांगायला नको. म्हणूनच सगळ्यांत अवघड पत्र असते ते ज्याची निवड झाली नाही त्याने, ज्याची झाली त्याला लिहिलेले.

सातारच्या त्या मित्राने सुरुवातीच्या पाच पत्रांत स्वतःविषयी एक अक्षरही लिहिले नाही. तो अजून पहाटे धावत होता. पुढच्या भरतीला पुन्हा मैदानावर उतरला. या वेळी धाव निघाली, पण वैद्यकीय तपासणीत तो थांबला. घरी आल्यावर आठ दिवस तो कोणाशी बोलला नाही. त्या आठवड्यात पत्रही गेले नाही. बराकीतून दोन पत्रे लागोपाठ आली, त्यांनाही उत्तर नाही.

शेवटी मित्राच्या आईनेच त्याला हटकले. “त्याला माझ्या गुडघ्याचं खरं लिहितोस, मग तुझं का लपवतोस?” त्या रात्री त्याने लिहायला घेतले. आपण पुन्हा नापास झालो, आता वयही निघून चालले आहे, तुझे पत्र आले की आनंद होतो आणि पोटात तुटतेही, हे सगळे त्याने लिहून टाकले. पाकीट पेटीत टाकल्यावर आपण हे का लिहिले असे त्याला वाटत राहिले.

उत्तर दहा दिवसांनी आले. नेहमीपेक्षा लांब, तीन पाने. त्यात सांत्वन फारसे नव्हते. पहिल्या महिन्यात आपण दोनदा पेटी भरून ठेवली होती, हे त्याने प्रथमच सांगितले. आणि पुढे लिहिले होते, “तू रोज पहाटे वेळ लावायला उठायचास म्हणून मी निघालो. ते इथं कोणाला माहीत नाही, पण मला माहीत आहे. आयटीआयचा फॉर्म भर. भरलास की पावती बघितल्याचं कळव.”

अग्निपथ योजनेत भरती चार वर्षांसाठी असते आणि त्यानंतर प्रत्येक तुकडीतील २५ टक्क्यांपर्यंत जवानांनाच पुढे नियमित सेवेत घेतले जाईल असे ठरलेले आहे. म्हणजे आज गेलेल्यांतले बरेचजण पुन्हा गावी येणार. तेव्हा त्यांना काम शोधावे लागेल आणि घडी नव्याने बसवावी लागेल. त्या वेळी पत्रांचा ओघ उलटा होईल, गणवेश उतरवलेल्याला मागे राहिलेल्याचा आधार लागेल. ही मैत्री आताच खऱ्या शब्दांवर उभी राहिली असेल तर तेव्हा उपयोगी पडेल.

प्रशिक्षणाच्या शेवटी कसम परेड होते. तिरंग्यासमोर शपथ घेऊन रंगरूट जवान होतात. या सोहळ्याला आईवडिलांना बोलावतात आणि आता बऱ्याच केंद्रांत त्यांना गौरव पदक देऊन सन्मानितही करतात. सातारच्या मुलाच्या आईवडिलांबरोबर त्याचा मित्रही गेला. परेडनंतर दोघे भेटले, तेव्हा प्रथम काही बोलायला सुचले नाही. मग जवानाने बराकीत जाऊन एक पुडके आणले. सगळी पाकिटे तारखेप्रमाणे लावून सुतळीने बांधलेली. सगळ्यांत खाली तेलाने पिवळी पडलेली चार पाने होती.

“यातलं एक अक्षर वाचता आलं नव्हतं,” तो म्हणाला. “काय लिहिलं होतंस?”

मित्राला ते आठवत नव्हते. परतीच्या एसटीत त्याने काकींकडे जवानाच्या नव्या पलटणीचा पत्ता मागितला आणि आयटीआयच्या वहीच्या मागच्या पानावर तो नीट उतरवून घेतला. शेवटी लिहिले : मार्फत ५६ एपीओ.